गोळीचे नाव

(तृतीय वर्ष कला)

गेल्या श्रावणात, पोळ्याच्या आठवडाभर आधी मला पाळी आली आणि अनंतचतुर्दशीला गावातले गणपती विसर्जनाला निघाले तरी ती थांबली नव्हती. मोजून एकवीस दिवस झाले होते. हे वाक्य आपल्या वार्षिकांकात छापलेले पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल, काहींना ते अस्थानी वाटेल. महाविद्यालयाच्या अंकात कविता असाव्यात, सहलीचे वर्णन असावे, फार तर परीक्षापद्धतीवर एखादा परखड लेख असावा. हा कसला विषय, असा प्रश्न मलाही कित्येक दिवस पडत होता. पण ज्या विषयाने मला वर्गातून उठवून दवाखान्यात नेले आणि ज्यावर तोंड उघडता न आल्यामुळे माझे एक सत्र जवळजवळ वाया गेले, तो विषय विद्यार्थ्यांच्या अंकात नाही मांडायचा तर कोठे मांडायचा?

आमच्या घरात पाळीला पाळी म्हणत नाहीत. आजी 'कावळा शिवला' म्हणायची. आई 'बाजूला आहे' म्हणते. मावशी 'अडचण' म्हणते. मुंबईची चुलतबहीण 'डेट' म्हणते आणि आपण फार पुढारलो असे समजते. शब्द चार असले तरी त्यांतला हिशेब एकच : चार दिवस. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतले की पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा देवघर. माझा पाचवा दिवस काही केल्या उजाडत नव्हता, आणि चार दिवसांच्या पुढे काय करायचे याविषयी आमच्या घरच्या शास्त्रात काहीच सांगितलेले नव्हते.

गौरी-गणपतीसाठी मी गावी गेले होते. गौरी जेवल्या त्या दिवशी मी मागच्या पडवीत बसून होते. पुरणाचा वास तेवढा तिथपर्यंत येत होता. आत्या पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि हळहळली, "अगं, आधी नाही का सांगायचं? पाळी पुढं ढकलायची गोळी आणून दिली असती. मी तर दरवर्षी गौरीच्या आधी घेतेच. मेडिकलवाला काही विचारत नाही." आत्याचा जीव माझ्यावर आहे, तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. पण पंधरवडा उलटून गेला तरी रक्त का जाते आहे, हे मात्र त्या भरल्या घरात कोणी विचारले नाही. रात्री अंथरुणे घालताना आईने हळूच विचारले, "अजून जातंय?" मी हो म्हटले. ती म्हणाली, "बाईच्या जातीला असायचंच. माझंही असंच जायचं." आणि दिवा मालवला.

मी वसतिगृहावर परतले. दुसऱ्या मजल्यावर भाषाविज्ञानाचा तास होता. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठडा धरून पायरीवरच बसले. मागून येणाऱ्या बाईंनी काळजीने विचारले, "उपास आहे का ग?" मी "हो" म्हणाले. बाईंच्या विषयात आम्ही 'निषिद्ध शब्द' हे प्रकरण त्याच आठवड्यात शिकत होतो. समाज काही शब्द टाळतो आणि त्यांच्या जागी सौम्य शब्द वापरतो, हे मी वहीत उतरवून घेतले होते. उदाहरण मात्र मी स्वतःच आहे, हे लक्षात आले नव्हते.

खोलीतली मैत्रीण मला जवळजवळ ओढतच एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"किती दिवस झाले?"

"तेवीस."

"आणि आज आलीस?"

त्यांनी मैत्रिणीला बाहेर बसायला सांगितले, दार लावले आणि लग्न झाले आहे का, कोणाशी संबंध आला आहे का, असे सरळ विचारले. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "मला तुला रागवायचं नाही. गर्भ नाही ना, एवढं मला पाहिलंच पाहिजे. जी विचारत नाही ती डॉक्टर कसली?" मग रक्त तपासले, थायरॉइड पाहिले, रक्त गोठण्यात काही दोष आहे का ते पाहिले, सोनोग्राफी केली. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन निदान १२ असावे, माझे ७.४ होते. जिन्यावरची अंधारी उपासाची नव्हती.

त्यांनी जे समजावून सांगितले ते मी येथे माझ्या शब्दांत देते, कारण बारावीपर्यंत ते मला कोणीही सांगितले नव्हते. अंडाशयात दर महिन्याला एक बीज पिकते आणि सुटते. ते सुटण्याआधी एक हार्मोन गर्भाशयाच्या आतले अस्तर वाढवीत असते. बीज सुटल्यावर दुसरे हार्मोन तयार होते. ते त्या अस्तराला धरून ठेवते. गर्भ राहिला नाही की हा आधार निघतो, सगळे अस्तर एकदम सुटते, आणि पाच-सहा दिवसांत पाळी संपते. पण बीज सुटलेच नाही तर दुसरे हार्मोन येतच नाही. अस्तर वाढत राहते, त्याला धरणारे कोणी नसते. "भिंतीला थरावर थर गिलावा चढवत गेलं आणि खाली धर नसला की कसे पोपडे पडतात? आज इथला, उद्या तिथला. तसं तुझं चाललं आहे," बाई म्हणाल्या. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे असे होणे नवल नाही. माझ्या बाबतीत मात्र ते वरचेवर होत होते, आणि त्याला त्यांनी पीसीओएस हे नाव दिले. आठ दिवसांहून अधिक रक्त जाणे, तासातासाला पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, चक्कर येणे, यांतले एक जरी असले तरी डॉक्टरांकडे जायचे, हा साधा नियमही मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

रक्त थांबवण्यासाठी त्यांनी आधी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. नाव होते नॉरएथिस्टेरॉन. "घरी पाळी पुढे ढकलायला आणतात ना, तीच ही," त्या हसून म्हणाल्या. मला आत्या आठवली. त्यानंतर लोहाच्या गोळ्या, आणि निदान सहा महिने रोज रात्री एक गोळी. या दुसऱ्या गोळीचे नाव सांगताना मात्र त्या जरा थांबल्या. "ही संततिनियमनाची गोळी आहे. तुला ती औषध म्हणून देते आहे. घरी सांगशील ना नीट?"

मी मान डोलावली. येथून माझ्या आजाराचा खरा भाग सुरू झाला.

औषधांच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी वाचली, माझ्या गळ्याकडे पाहिले, पुन्हा चिठ्ठी वाचली. "कुणासाठी आहे, ताई?" मी म्हटले, "माझ्यासाठी." त्याने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळले, त्यावर रबर लावले आणि वर काळी पिशवी घातली. माझ्या आधी एका गृहस्थांनी मधुमेहाच्या गोळ्या नेल्या होत्या. त्यांना वर्तमानपत्राचा तुकडाही मिळाला नव्हता.

पाकिटात अठ्ठावीस गोळ्या : एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी. पांढऱ्यांत ती दोन्ही हार्मोने अगदी अल्प प्रमाणात असतात. शरीराला जे जमत नव्हते ते काम त्या बाहेरून करतात. अस्तर पातळ राहते, त्याला धर मिळतो, आणि पांढऱ्या गोळ्या संपल्या की ठरल्या दिवशी बेताची पाळी येते. तपकिरी सात गोळ्या नुसत्या लोहाच्या. या देशातल्या बाईच्या अंगात रक्त कमी असते हे ती गोळी करणाऱ्यांनाही ठाऊक आहे, असे ते तपकिरी ठिपके पाहून माझ्या मनात आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आपल्या महाविद्यालयातील कोणत्याही वर्गात मुलींच्या बाकांकडे पाहावे आणि हा आकडा मनात आणावा.

पाकीट मी उशीखाली ठेवत असे. आठवडाभरात ते सगळ्या मजल्याला माहीत झाले. मेसमध्ये मी ताट घेऊन बसले की शेजारचे बोलणे थांबायचे. एकीने थट्टेत विचारले, "काय ग, कोण आहे तो?" मी घाईघाईने म्हटले, "अगं, ही त्यासाठी नाही. पाळीसाठी आहे." हे वाक्य मी पुढे किती वेळा उच्चारले याची गणती नाही. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना म्हटले. फोनवर आईला म्हटले. आई बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "लग्नाच्या वेळी कुणाला कळलं तर? आणि पुढं मूल झालं नाही तर?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरीणबाईंनी आधीच दिले होते : गोळी थांबवली की गर्भधारणेची शक्ती परत येते, गोळीने वांझपण येत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच दवाखान्यात मिळत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र मी मोबाइलमध्ये ठेवले होते आणि शंकेखोर चेहरा दिसला की ओळखपत्रासारखे ते पुढे करत होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वर्गातली एक मुलगी एस.टी. स्थानकावर मला भेटली. ती विवाहित आहे. रोज वीस किलोमीटरवरून येते. सासरच्यांनी तिला शिकायला परवानगी दिली ती 'मूल होईपर्यंत'. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून ती म्हणाली, "तू सगळ्यांना सांगतेस ना, 'त्यासाठी नाही' म्हणून? मी त्यासाठीच घेते. ज्वारीच्या डब्यात लपवून. बी.ए. पुरं व्हावं म्हणून. मग मी कोण?"

तिची गाडी लागली आणि ती गेली. मला उत्तर सुचले नव्हते. या लेखाचे निमित्त तो प्रश्न आहे.

'त्यासाठी नाही' हे वाक्य खरे होते. पण ते मी ज्या सुरात म्हणत होते तो सूर खोटा होता. त्या सुराचा अर्थ असा होता की मी चांगली मुलगी आहे, वाईट मुली निराळ्या. मी स्वतःभोवती एक कुंपण घातले होते आणि ते घालताना माझ्याच बाकावरची एक मुलगी कुंपणाबाहेर ढकलली होती. वास्तविक ती काय करत होती? आपल्या नवऱ्याबरोबर संसार करत होती आणि पदवी घेत होती. ज्या गोष्टीचा तिने अभिमान बाळगावा ती तिला ज्वारीत पुरून ठेवावी लागत होती.

मग मी या गोळीविषयी मिळेल ते वाचू लागले, आणि एक मौज लक्षात आली. नॉरएथिस्टेरॉन हे द्रव्य १९५१ साली मेक्सिको शहरातल्या एका प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले. कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या हाताखाली लुईस मिरामोंतेस नावाच्या तरुणाने ते तयार केले. त्या प्रयोगशाळेचा कच्चा माल होता मेक्सिकोच्या रानातला एक कंद. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे संततिनियमन नव्हते. पाळीच्या तक्रारी होत्या. पुढे अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी याच जातीच्या दुसऱ्या द्रव्यापासून केलेली एनोव्हिड नावाची गोळी बाजारात आली. तिला तेथील सरकारने १९५७ मध्ये मान्यता दिली ती पाळीच्या विकारांवरचे औषध म्हणून. संततिनियमनासाठी मान्यता मिळाली १९६० मध्ये. म्हणजे जिला आपण 'ती' गोळी म्हणतो तिचे पहिले अधिकृत नाव 'पाळीचे औषध' हेच होते. मधल्या तीन वर्षांत पाळीची तक्रार सांगून गोळी मागणाऱ्या अमेरिकन स्त्रियांची संख्या एकाएकी वाढली असे सांगतात. त्यातल्या सगळ्यांना तक्रार होतीच असे नव्हे. विवाहितांना संततिनियमनाचा हक्क आहे असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले १९६५ मध्ये, आणि अविवाहितांचा तोच हक्क मान्य केला १९७२ मध्ये. जपानने तर संततिनियमनासाठी गोळीला परवानगी दिली १९९९ मध्ये. पाळीच्या विकारांसाठी हार्मोनच्या गोळ्या तेथे त्याआधी कितीतरी वर्षे मिळत होत्या.

तिकडच्या बाईने पाळीच्या आडोशाने संततिनियमन केले. इकडे मी संततिनियमनाच्या भीतीने पाळीचे औषध लपवू लागले. आडोसा दोघींनाही लागला.

आपल्या मराठी मुलखाला तर याविषयी नवखेपणाचा आव आणण्याची सोय नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. त्यापायी त्यांना गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. गोळी निघालेली पाहायला कर्वे राहिले नाहीत. पण त्यांचा मुख्य आग्रह गोळीचा किंवा साधनाचा नव्हताच. शरीराविषयी स्वच्छ बोलावे, हा होता. त्या गोष्टीला शंभर वर्षे झाली, आणि औषधाचे दुकान अजून काळी पिशवी काढते!

आता पुन्हा आत्याकडे वळते. तिची पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे तेच नॉरएथिस्टेरॉन. संततिनियमनाच्या एका प्रकारच्या गोळीत हे द्रव्य रोज ०.३५ मिलिग्रॅम घेतात. पाळी पुढे ढकलण्यासाठी ५ मिलिग्रॅमची गोळी साधारणतः दिवसातून तीनदा, म्हणजे १५ मिलिग्रॅम घेतात. हिशेब करणे अवघड नाही. चाळीसपटीहून अधिक! ही गोळी आमच्या गावात गौरींना चालते, सत्यनारायणाला चालते, लग्नकार्याला चालते. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही, गळ्याकडे पाहत नाही, काळी पिशवी काढत नाही. कारण ती देवासाठी आहे. तेच द्रव्य, तीच बाई, तेच गर्भाशय. पण बाईचे रक्त वाचवायला किंवा बाईचे शिक्षण पुरे व्हायला ते द्रव्य वापरले की त्याचा विटाळ होतो. मला वाटते, आपली हरकत औषधाला नाहीच. बाईच्या शरीराचा निर्णय बाईने स्वतःसाठी घ्यावा, याला आहे.

माझे म्हणणे एकांगी होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गोळी म्हणजे खडीसाखर नव्हे. पहिला महिनाभर मला सकाळी मळमळत असे, दोनदा मधूनच डाग पडले, छातीत दुखे. हे त्रास बहुतेकींचे दोन-तीन महिन्यांत ओसरतात, माझेही ओसरले. पण काही धोके ओसरणारे नसतात. या गोळीने पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. जिला आधी अशी गुठळी झाली आहे, जिला डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाश दिसून अर्धशिशी उठते, जिचा रक्तदाब वाढलेला आहे, यकृताचा विकार आहे, किंवा जी पस्तिशीपुढची असून धूम्रपान करते, तिने ही गोळी घेऊ नये असे डॉक्टर सांगतात. गोळीचा इतिहासही डागाळलेला आहे. १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या गरीब स्त्रियांवर तिची चाचणी झाली तेव्हा त्या कशाला तयार होत आहेत हे त्यांना पुरते सांगितले नव्हते, आणि त्या गोळीतली हार्मोनची मात्रा आजच्या कितीतरी पट होती. तेव्हा मैत्रिणीला गुण आला म्हणून तिच्या पाकिटातली गोळी आपण घ्यावी, असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. उलट माझा आग्रह असा की, ती मोकळेपणी विचारून, तपासून घ्यावी. ज्वारीच्या डब्यातून घेतलेल्या गोळीचा रक्तदाब कोण मोजणार?

दिवाळीत घरी गेले तेव्हा मी पाकीट लपवले नाही. रात्री जेवणानंतर सगळ्यांदेखत गोळी घेतली. आत्याने पाहिले, काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आई भांडी घासता घासता म्हणाली, "तुझ्या त्या बाई माझं बघतील का?" तेव्हा मला कळले की 'माझंही असंच जायचं' हे तिचे वाक्य भूतकाळातले नव्हते. दोन वर्षे तिला दर महिन्याला दहा-बारा दिवस रक्त जात होते. तालुक्याला एकाने तपासल्यासारखे करून सांगितले होते, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." ती पैशांची जमवाजमव करत होती.

पिशवी! गर्भाशयाला आपल्याकडे हा एक शब्द आहे, आणि तो तरी आपण कधी वापरतो? काढून टाकायची वेळ आली की. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची हकिगत २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून आली तेव्हा शासनाने चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यांतल्या कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते. फडावर खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. तेथे ना न्हाणी, ना आडोसा, ना डॉक्टर. अंगावरून जाते अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला गोळ्या, तपासणी, वाट पाहणे, यांतले काही न सांगता थेट शस्त्रक्रिया सांगितली जाते आणि ती उचल घेऊन ती करते. पाळीविषयी न बोलणे हा सुशिक्षित घरातला नाजूकपणा वाटतो. फडावर त्याची किंमत अशी मोजली जाते.

आईला मी डॉक्टरीणबाईंकडे नेले. तिचा रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून तिला माझी गोळी दिली नाही. तपासणी करून निराळे उपचार सुरू केले आहेत. पिशवी जागेवर आहे, आणि शस्त्रक्रियेसाठी जमवलेल्या पैशांतून तिने घराच्या मागच्या बाजूला न्हाणीघर बांधायला काढले आहे.

माझी आताची स्थिती सांगते. तिसऱ्या पाकिटापासून पाळी पाच दिवसांत संपते. फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ११.२ होते. दुसऱ्या मजल्यावर मी न थांबता चढते. सहामाहीत बुडालेले विषय उन्हाळ्यात द्यायचे आहेत.

आता महाविद्यालयाकडे काही मागणे आहे. प्रवेशाच्या वेळी आपण छायाचित्रे देतो, गुणपत्रके देतो. त्याच आठवड्यात मुलींचे आणि मुलांचेही हिमोग्लोबिन तपासले जावे. मुलींच्या विश्रांतिकक्षात सध्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेले आहेत. ते हलवून तेथे एक खाट आणि पाण्याची सोय असावी. वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचे व्याख्यान व्हावे, आणि ते 'फक्त मुलींसाठी' असू नये. उद्या औषधाच्या दुकानात उभे राहणारे, मुकादम होणारे, नवरे होणारे आणि 'पिशवी काढून टाका' असे सांगणारेही आज याच बाकांवर आहेत. प्राध्यापकांना विनंती एवढीच की, जिन्यात बसलेल्या मुलीला उपास आहे का असे विचारू नये. बरे नाही का, असे विचारावे. खरे सांगायला तिला थोडी वाट मिळते.

आणि मैत्रिणींनो, आपणही एक करू या. कोणाच्या उशीखाली ते पाकीट दिसले तर 'कशासाठी' असे विचारणे सोडू. पाळीसाठी असेल, मुरुमांसाठी असेल, पदवीसाठी असेल, नवऱ्यासाठी असेल किंवा आणखी कशासाठी. विचारायचेच असेल तर 'डॉक्टरांना दाखवलंस का?' असे विचारावे. मला आता कोणी विचारले तर मी 'संततिनियमनाची गोळी घेते' असे म्हणते आणि तेथेच थांबते. मोबाइलमधले चिठ्ठीचे छायाचित्र मी पुसून टाकले आहे.

हा लेख संपादक मंडळाकडे देताना एका हितचिंतकाने सुचवले की, लेखाखाली नाव नको, 'एक विद्यार्थिनी' असे घाल. क्षणभर मलाही मोह झाला. पण औषधाला काळी पिशवी नको म्हणायचे आणि स्वतः काळ्या पिशवीत बसायचे, हे कसे चालेल? माझे नाव अनुक्रमणिकेत आहे.